रविवारचा पेपर

नगर शहर गावापासून फार जवळ, हेच आदिनाथचं दुखणं होतं. पुण्याला गेलेली पोरं मेसचं पातळ वरण पिऊन निदान घर विसरू तरी शकतात. आदिनाथचा डबा मात्र रोज जामखेडच्या एसटीने यायचा. आई पहाटे भाकऱ्या थापायची, वडील पुंजाराम फाट्यावर जाऊन डबा ड्रायव्हरच्या हवाली करायचे आणि नगरच्या स्टँडवर आदिनाथ तो उतरवून घ्यायचा. भाकरी तोवर मऊच असायची. असा डबा खाऊन खोटं बोलणं जड जातं, पण त्याला सवय झाली होती.

शहर तसं नामी. किल्ला आहे, जुन्या मशिदी आहेत, आजोबांच्या काळातली कॉलेजं आहेत आणि गल्लोगल्ली अभ्यासिका. खेड्यापाड्यातली पोरं इथे शिकतात आणि मग साहेब व्हायची वाट बघत बसतात. आदिनाथ एम.एस्सी. झाला, स्पर्धा परीक्षा देत राहिला, आणि तिशी उलटली तरी त्याच खुर्चीत होता. नवी पोरं त्याला सर म्हणायची. दोन वर्षांपूर्वी त्याने परीक्षेला बसणंच सोडलं होतं. सकाळी पुस्तक उघडायचं, दुपारी त्यावरच डोकं टेकायचं. घरी यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगायची छाती त्याला नव्हती. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

चैत्रात गावची यात्रा आली. यात्रेला भावकी जमणार आणि जो तो विचारणार, कुठवर आलंय म्हणून. त्याने आईला फोनवर सांगून टाकलं, "रविवारी पेपर हाय. यायला जमायचं न्हाई." त्या रविवारी परीक्षा खरीच होती, फक्त त्याची नव्हती.

"नको येऊ," आई म्हणाली. "यात्रा काय, वरसाला येती. तू पेपर नीट लिव्ह."

बुधवारपासून डब्यातली भाकरी बदलली. जाड, कडेला करपलेली. आमटी नुसती अळणी. आदिनाथने वडिलांना फोन लावला. "नाना, आईला म्हनावं भाकरी पार बिघडली. ध्यान कुठंय तिचं?"

 पुंजाराम म्हणाले, "यात्रंचे पाव्हणे आल्यात घरात. आरतीनं केल्यात भाकरी. तू अभ्यास कर." आरती ही त्याची वहिनी. वहिनीला नावं ठेवत आदिनाथने जेवण उरकलं.

रविवारी अभ्यासिका ओस पडली. सगळी पोरं पेपरला गेली. आदिनाथ मोबाईल बंद करून खोलीवर झोपला, कारण पेपर देणाऱ्याचा मोबाईल बंदच असायला हवा. खोटं बोलायचं तर निदान नीटनेटकं बोलावं. दुपारी पेपर सुटायच्या वेळी त्याने तो चालू केला आणि लगेच थोरल्या भावाचा, कल्याणचा फोन आला.

"सुटला का पेपर? गेटवरच थांब. मी नगरातच हाय, न्यायला येतो."

जवळच्या परीक्षा केंद्राचं नाव सांगून आदिनाथ धावत त्या कॉलेजच्या गेटवर गेला आणि बाहेर पडणाऱ्या पोरांमध्ये मिसळून उभा राहिला. कल्याण मोटारसायकलवर आला. डोळे सुजलेले. गर्दी पांगेपर्यंत तो थांबला.

"आई गेली, आदू. पहाटं."

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. मंगळवारी रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून नगरच्याच दवाखान्यात आणलं होतं. आदिनाथच्या खोलीमागच्या रस्त्याला. आरती तिच्याजवळ होती, म्हणून भाकऱ्या नाना थापत होते. "तुजं नाव सारखं तोंडात. बोलवू का म्हनलं, तर शपथ घातली आमाला. म्हनली, पेपर हुईस्तवर त्याला कळू द्यायचं न्हाई."

 आदिनाथ चार पावलं चालून गेला असता तर ती भेटली असती. त्याने तोंड उघडलं, पण कल्याण गाडीला किक मारत म्हणाला, "बस मागं. मानसं सकाळधरनं खोळंबल्यात. तुजा पेपर सुटल्याबिगर उचलायचं न्हाई म्हनले नाना."

उन्हं कलली तेव्हा ते गावात पोचले. यात्रेला आलेले पाव्हणे मयतीला थांबले होते. सकाळपासून कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती. मांडवाखाली बर्फाच्या लाद्यांवर आई होती. एवढं ताटकळूनही कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. आदिनाथ दिसताच मंडळी अदबीने बाजूला झाली, आणि ती अदब त्याला मारासारखी लागली.

तो आईच्या पायांवर पडून रडला. पुंजारामांनी त्याला उठवलं आणि पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या बोटांना तव्याच्या चटक्यांचे फोड आले होते.

"पेपर कसा गेला, बाळा?"

 आत्ता सांगावं, असं आदिनाथला खरोखर वाटलं. मग त्याने त्या उपाशी माणसांकडे पाहिलं.

"चांगला गेला," तो म्हणाला.

पुंजाराम गुडघ्यांवर बसले, बायकोच्या कानाशी वाकले आणि तिला कमी ऐकू येत असल्यागत मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? पेपर चांगला गेलाय पोराचा. आता जा निवांत."