आधी तुमची झडती

आमच्या टायरच्या दुकानात पंक्चर शोधायला ट्यूब बुडवतो त्या टबात पोलीस ठाण्याच्या साहेबांनी माझ्या भावाचं डोकं दाबून धरलं होतं. पाण्यातून बुडबुडे येत होते. माझ्यापुढे दोन शिपाई काठ्या आडव्या धरून उभे होते आणि मी त्यांचं खानदान उद्धरत होते. टायरच्या धंद्यात गोड बोलणाऱ्या बाईला कुणी भीक घालत नाही, त्यामुळे जीभ तयार असते.

साहेबांनी केस धरून त्याला वर ओढलं. "बोल आता. झडती कुठे हवी?"

"मॅजिस्ट्रेटसमोर," ढब्बू खोकत म्हणाला. लहानपणी गोलमटोल होता म्हणून ढब्बू. आता नुसती हाडं उरलीत, पण नाव चिकटलंय.

साहेबांनी टायर उचकटायची लोखंडी टॉमी उचलली आणि त्याच्या डाव्या हातावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

ढब्बूचा गुन्हा एवढाच, की साहेबांनी एका ड्रायव्हरला भररस्त्यात तुडवून मारलं ते त्याने कोर्टात जाऊन सांगितलं. आता त्याच्या खिशात गर्दची पुडी सापडणार होती आणि तो दहा वर्षं आत जाणार होता. हे साहेबांनीच आम्हाला आल्या आल्या सांगितलं. लाज कसली! अडचण एकच होती. मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का, हे कायद्याने विचारावं लागतं, आणि हवी म्हटलं की न्यावंच लागतं; तिथे खिशात पुडी सरकवता येत नाही. म्हणून पंच यायच्या आत त्याच्या तोंडून 'नको' काढायचं चाललं होतं.

टॉमी पुन्हा वर गेली. "नको!" ढब्बू किंचाळला. "नको, इथेच घ्या!"

मारातून सुटला एकदाचा, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचा संताप आला.

मग शेजारचे औषधवाले काका आणि समोरचा चावीवाला यांना पंच म्हणून आत घेतलं. रस्त्यावर लोक जमले होते. साहेबांनी ढब्बूला भिंतीला टेकवून उभं केलं आणि पोपटपंची सुरू केली. "मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. हवी?"

"नको."

"पंचांनी ऐकलं. आमच्याकडे काही नाही याची खात्री करायची असेल तर आधी आमची झडती घे."

हे वाक्य ते प्रत्येक छाप्यात म्हणतात आणि समोरचा प्रत्येक वेळी नको म्हणतो. साहेब उत्तरासाठी थांबलेही नाहीत, त्यांचा हात पुढे निघाला होता.

"घेतो," ढब्बू म्हणाला.

"काय?"

"तुमची झडती." आणि त्याचा धड उरलेला उजवा हात साहेबांच्या पँटच्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा बोटांत पुडी होती.

"बघा!" मी ओरडले. "बघा सगळ्यांनी!"

साहेबांची लाथ त्याच्या पोटात बसली. तो दुमडला, पण मूठ सोडली नाही. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "काका, पुडी कुणाच्या हातात दिसते तुम्हाला?"

काकांनी ढब्बूचा मोडका हात पाहिला. साहेबांच्या हातातली टॉमी पाहिली.

"याच्या," ते म्हणाले. चावीवाल्याने मान हलवली.

मी काठ्यांखालून वाकून घुसले. एक फटका पाठीवर बसला. ढब्बूच्या मुठीतून पुडी हिसकावली आणि कपड्यांच्या आत छातीशी खुपसली.

"आता माझ्याकडे आहे. घ्या झडती!"

साहेब माझ्यावर धावले. एका शिपायाने त्यांचा हात धरला. "साहेब, बाई आहे. आपल्याबरोबर बाई शिपाई नाही. बाहेर लोक मोबाइल काढून उभे आहेत."

"मग बाई बोलवा," मी म्हणाले. "आणि मलाही विचारा, मॅजिस्ट्रेटसमोर हवी का. हवी! शंभरदा विचारा, हवी!"

ढब्बू मोडका हात पोटाशी धरून सरपटत माझ्या पायाशी आला. "ताई, दे ती इकडे. तुला आत टाकतील गं. दहा वर्षं, ताई."

"गप बस," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि साहेबांना ते दिसू द्यायचं नव्हतं.

साहेबांनी पंचांना बाहेर काढलं. "शटर ओढा," ते म्हणाले.

शटर खाली आलं. पहिला घाव खांद्यावर बसला. मी हात छातीवरून काढले नाहीत.