साडेअकरा पौंडांचा चाप

वर्लीन स्टॅम्परने तो लाल रबरी चेंडू घरी नेला आणि थेट कुत्र्यापुढे टाकला.

चेंडू दिला होता नेमबाजीची परीक्षा घेणाऱ्या सार्जंट डॉयल प्रॅटने. "मिस वर्लीन, हा रोज सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा दाबायचा. हातात जोर येईल," असं वर म्हणाला होता, तेही सोबत काम करणाऱ्या लेस्टरच्या देखत. हातात जोर म्हणे. सहा गाईंच्या धारा काढत लहानाची मोठी झालेली बाई ती. गावात कुणाच्या बरणीचं झाकण अडलं की बरणी वर्लीनकडे यायची. खुद्द डॉयलची आई काकडीच्या लोणच्याची बरणी काखेत मारून दोनदा आली होती. आणि हा त्याच बाईचा मुलगा, ज्याला सात वर्षांचा असताना चर्चमधल्या रविवारच्या शाळेत वर्लीननेच शिकवलं होतं, डिंक खाऊ नकोस, तो चिकटवण्यासाठी असतो.

वर्लीनचं वय सत्तावन्न. तेवीस वर्षं ती काउंटीच्या कोर्टात न्यायाधीशांच्या दाराशी उभी होती. निळा कोट, कमरेला पिस्तूल, आणि "सर्वांनी उभं राहावं" म्हणताना असा आवाज की मागच्या बाकावर पेंगणारे वकीलसुद्धा दचकून उठायचे. या तेवीस वर्षांत ती वर्षातून एकदा जुन्या दगडाच्या खाणीत जाऊन नेमबाजीची परीक्षा द्यायची, पास व्हायची आणि येताना डोनट घेऊन यायची. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग यंदाच्या फेब्रुवारीत काउंटीने नवी आखूड पिस्तुलं घेतली. जुनी पिस्तुलं कोटाखाली गळवासारखी दिसायची, ही बसतील चपखल. दिसायला खरंच छान होती. लेस्टर तर स्वतःचं पिस्तूल दिवसातून चारदा रुमालाने पुसायचा.

वर्लीनचंही दिसायला छानच होतं. फक्त त्याचा चाप भयंकर होता. स्वयंपाकघरातला तो एक खण असतो ना, ओढला की आधी करकरतो, मग अडतो, मग तुम्ही जीव खाऊन ओढलात की एकदम सगळा खण चमचे-काट्यांसकट पायावर, अगदी तसा. अर्ध्या वाटेवर वाळू चावल्यासारखी करकर, पुढे भिंत, आणि भिंत फुटेपर्यंत पिस्तुलाचं तोंड जमिनीला नमस्कार करून मोकळं.

पहिल्या परीक्षेत तीसपैकी एकोणीस गोळ्या आकृतीत बसल्या. लागतात चोवीस. दुसऱ्या वेळी एकवीस. दोन्ही वेळा डॉयलने फॉर्मवर शेऱ्याच्या जागी लिहिलं, हातात जोर नाही. तिसरी संधी शेवटची. त्यातही नापास झाली तर पिस्तूल जमा करायचं आणि तळघरातल्या खिडकीत बसून गाड्यांचे दंड घ्यायचे, निवृत्त होईपर्यंत. तळघराला खिडकी एकच होती, आणि तिच्यातून दिसायचे फक्त लोकांचे बूट.

"चाप खराब आहे, डॉयल," तिने सांगून पाहिलं.

"मिस वर्लीन, पाचही पिस्तुलं एकाच पेटीतून आली. नंबरसुद्धा ओळीने आहेत. पिस्तूल कसं वेगळं असेल? माणसं वेगळी असतात."

"मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून बघून घेऊ?"

"एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. काउंटीची मालमत्ता आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, पाचशे गोळ्या झाडा, आपोआप मऊ होतं."

"आणि काउंटी सरावाला गोळ्या देते पन्नास."

"तर मग चेंडू दाबा," डॉयल म्हणाला आणि फाइल मिटली.

म्हणून चेंडू कुत्र्याला गेला. कुत्र्याचं नाव डीकन, आणि त्याने पहिल्याच दुपारी चेंडूची एक बाजू खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्लीनने कोर्टाच्या मागच्या खोलीत लेस्टरला गाठलं. लेस्टर म्हणजे तिच्यासोबत दारावर उभा राहणारा दुसरा माणूस, उंच, भिडस्त, डॉयलला वचकून असणारा. "तुझं रिकामं कर आणि जरा माझ्या हातात दे."

"अहो, नियमात बसतं का ते?"

"लेस्टर, तुझ्या लग्नाचा केक कोणी केला होता?"

लेस्टरने पिस्तूल रिकामं केलं. तिने स्वतः पुन्हा आत बोट घालून खात्री केली, भिंतीकडे रोखलं आणि चाप ओढला. टक्. बस, एवढंच. लोण्यात सुरी. गेला महिनाभर तिला रात्री अंथरुणात स्वतःच्या उजव्या हाताची शंका येत होती, संधिवात झाला असेल का, म्हातारपण असं बोटातून सुरू होतं का. एका टक्‌मध्ये ती शंका गेली आणि तिच्या जागी राग येऊन बसला. राग बरा. रागाशी तिची जुनी ओळख होती.

"आता माझं ओढून बघ."

लेस्टरने ओढलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "देवा," तो हळूच म्हणाला, "हे काय, गेट आहे का?"

"हेच डॉयलला सांगशील?"

लेस्टरने बुटांकडे पाहिलं. म्हणजे नाही.

तिचा नवरा हर्शेल तळ्याकाठी गळ, गांडुळं आणि छोटे मासे विकायचं दुकान चालवायचा. बायकोची सगळी हकीगत त्याने गांडुळं डब्यात मोजून भरता भरता ऐकली.

"तू म्हणतेस जड, तो म्हणतो नाही. जड म्हणजे किती जड?"

"खूप."

"खूप हे वजन नसतं, बाई. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो खूप मोठा मासा होता." एवढं बोलून त्याने खिळ्यावरून मासे तोलायचा ताणकाटा काढला. खाली आकडा, वर कडी, मधे पितळी पट्टीवर पौंडांच्या रेघा. कित्येक फुशारक्या त्या काट्याने अर्ध्यावर आणल्या होत्या.

पिस्तूल रिकामं केलं, दोघांनी तपासलं. हर्शेलने ते गल्ल्यावर धरलं, वर्लीनने आकडा चापात अडकवून सरळ मागे ओढला. सहा. आठ. दहा. करकर. खट्. काटा साडेअकरावर. पुन्हा ओढलं, साडेअकरा. तिसऱ्यांदा, साडेअकराला एक केसभर जास्त.

"पिस्तुलाचं स्वतःचं वजन किती?" हर्शेलने विचारलं.

"दीड पौंड."

"म्हणजे दीड पौंडाची वस्तू हलू न देता तिला साडेअकरा पौंडांनी खेचायचं. आणि तो पोरगा तुला चेंडू देतो." त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला वाटतं, लहानपणी खाल्लेला तो डिंक त्याच्या डोक्यात चढला."

आता कुणीही म्हणेल, पुरावा मिळाला, काम झालं. पण वर्लीन डॉयलला ओळखून होती. पुरावा दाखवला तर तो म्हणेल पाहू, कंपनीला लिहू, आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत ती तळघरात बूट मोजत बसलेली असेल. तेव्हा काटा हवाच, पण हे गेट उघडताही यायला हवं. तेरा दिवस हातात होते.

मग रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी, चुलीवर घेवडा शिजत असताना, ती स्वयंपाकघरात उभी राहू लागली. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. पिस्तुलाचा वरचा सरका मागे ओढून सोडायचा, नळीच्या टोकाला नेम धरायची जी माशी असते तिच्यावर दहा सेंटचं नाणं अलगद ठेवायचं, आणि कपाटाच्या मुठीवर नेम धरून चाप ओढायचा. पहिल्या दिवशी नाणं प्रत्येक वेळी पडलं. डीकनला वाटलं हा त्याच्यासाठी खेळ आहे, त्याने एक गिळलंही. तिसऱ्या दिवशी तिला तिची चूक कळली. ती चापातल्या त्या भिंतीपाशी थांबत होती, दम घेत होती आणि मग हिसका देत होती. गाईची धार अशी काढतात का? गाय लाथ घालेल. धार म्हणजे एकसारखा दाब, मधे थांबायचं नाही, पुढे काय होणार याची वाट बघायची नाही. सहा वर्षांची असताना आलेली गोष्ट सत्तावन्नाव्या वर्षी बोटाला पुन्हा आठवायला लागली. नवव्या दिवशी सलग दहा वेळा नाणं जागचं हललं नाही. करकर थोडी कमी झाली. वजन मात्र तेच, साडेअकरा. हर्शेल रोज तोलायचा आणि मान हलवायचा.

शुक्रवारी सकाळी खाणीत चिखल होता. डॉयल, लेस्टर आणि कागदाची आकृती. वर्लीनने लाकडी टेबलावर पिस्तूल ठेवलं आणि शेजारी ताणकाटा.

"हे काय?" डॉयल म्हणाला. "मासळीबाजार आहे का?"

"तुझं पिस्तूल रिकामं कर आणि तोलू दे."

"मिस वर्लीन, आपण परीक्षेला आलोय."

"तोलायला दोन मिनिटं लागतात. घाबरतोस कशाला, एकाच पेटीतली आहेत ना? नंबरही ओळीने."

आता नाही म्हणणार कसं? डॉयलने लेस्टरकडे पाहिलं आणि पिस्तूल रिकामं केलं. त्याचं भरलं पावणेसहा. मग, कुणी मागितलं नसताना, लेस्टरने आपलं पुढे केलं. त्याचे कान लाल झाले होते. सहा. मग वर्लीनचं. काटा सहा ओलांडून गेला, आठ ओलांडून गेला, आणि डॉयलचे डोळे त्याच्यासोबत खाली खाली जात राहिले. खट्. साडेअकरा.

मग डॉयलने घसा साफ केला. "ठीक आहे. असं करा, लेस्टरचं घ्या. त्याने झाडा, पास व्हा, विषय संपवू. हे मी परत पाठवतो."

लेस्टरने लगेच पिस्तूल तिच्यापुढे सरकवलं. लोण्यात सुरी. चोवीस काय, अठ्ठावीस बसल्या असत्या. समोर न्यायाधीशांचं दार, मागे तळघर, आणि मधे एवढंसं हो म्हणायचं.

"आधीच्या दोन फॉर्मचं काय?" तिने विचारलं.

"ते झाले ना आता."

"त्यावर लिहिलंय हातात जोर नाही. मी लेस्टरच्या पिस्तुलाने पास झाले तर काय ठरेल? हलका चाप मिळाला म्हणून म्हातारी तरली."

"कोण म्हणणार आहे असं?"

"तू. जेवणाच्या सुट्टीत." तिने लेस्टरचं पिस्तूल परत सरकवलं. "मी माझ्याच पिस्तुलाने झाडणार. पण आधी आजच्या फॉर्मवर लिही, चाप साडेअकरा पौंड. आत्ता. माझ्यासमोर."

"ही शेवटची संधी आहे, मिस वर्लीन. नापास झालात तर मी काही करू शकणार नाही."

"मी तुला काही करायला सांगितलंच नाही. लिही."

त्याने लिहिलं. चिखलात पाय रोवून ती उभी राहिली.

जवळच्या वीस गोळ्यांत अठरा बसल्या. दोन बाहेर गेल्या त्या वेळेचं बंधन होतं म्हणून. डॉयलने शिट्टी वाजवली की बोटाला पुन्हा हिसका द्यावासा वाटायचा. मग सगळ्यात मागची रेघ, पंचवीस यार्ड. दहा गोळ्या, त्यातल्या सहा हव्यात. आकृती इथून अंगठ्याएवढी दिसायची. शिट्टी वाजली. पहिली गोळी खाली, आकृतीच्या पायाशी. दुसरीही खाली. लेस्टरने डोळे मिटले.

वर्लीनने श्वास सोडला. ना डॉयल, ना तळघर, ना फॉर्म. पहाटेचा गोठा, गाईच्या पोटाला टेकलेलं कपाळ, आणि बादलीत पडणारी धार. थांबायचं नाही. दाबत राहायचं. करकर आली, येऊ दे. भिंत आली, येऊ दे. धाड. पुन्हा. धाड.

डॉयलने भोकं मोजली. मग पुन्हा मोजली. मग लेस्टरने मोजली आणि मोठ्याने सांगितलं, कारण डॉयल सांगेना. "पंचवीस."

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, त्यात एकच गोळी भरली आणि दोन पावलं बाजूला झाली. "आता तू."

"मी माझी परीक्षा कधीच दिली आहे."

"परीक्षा नाही. गंमत म्हणून. हातात जोर आहे ना?"

लेस्टर बघत होता, म्हणून डॉयलला पिस्तूल उचलावंच लागलं. त्याने नेम धरला, चाप ओढला, ओढला, त्याची मान ताणली गेली, पिस्तुलाचं तोंड खाली वाकलं, आणि आकृतीच्या बऱ्याच अलीकडे चिखलाचं कारंजं उडालं. दोन थेंब त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर आले. त्याने पिस्तूल रिकामं झाल्याचं तपासलं आणि फार हळुवारपणे खाली ठेवलं.

"हे परत पाठवायला हवं," तो म्हणाला.

"पाठव. सोमवारी मला दुसरं लागेल, नऊला कोर्ट आहे." तिने फाइल त्याच्यापुढे ओढली आणि आधीचे दोन फॉर्म वर काढले. "आता हे खोड. दोन्हीवर. आणि खाली लिही, चापात दोष."

डॉयलने लेखणी उघडली. पहिली ओळ खोडली. दुसरी खोडली. मग लिहिता लिहिता अडला, बहुधा सवयीने हात पुन्हा त्याच शब्दावर गेला होता, कारण वर्लीनने वाकून त्या जागी बोट टेकवलं.

"हातात नाही, डॉयल. चापात. च ला काना."

लेस्टर खोकला आला म्हणून तोंड फिरवून उभा राहिला. डॉयलने काना दिला. मग वर न बघताच म्हणाला, "मिस वर्लीन, तो काटा मंगळवारी मिळेल का? अजून दोन पिस्तुलं तोलायची राहिली आहेत."

"हर्शेलला विचारावं लागेल. त्याच्या दुकानात काही घेतल्याशिवाय तो काटा खिळ्यावरून काढत नाही." तिने ताणकाटा कोटाच्या एका खिशात टाकला, दुसऱ्या खिशातून लाल चेंडूचा उरलासुरला अर्धा तुकडा काढला आणि फॉर्म उडू नयेत म्हणून त्यावर ठेवला. "हा घे. फार उपयोगी पडला. डीकनच्या जबड्यात केवढा जोर आलाय."

आणि ती डोनट घ्यायला निघून गेली.