बसवंतची दाढ

बसवंतने मला पहिला ठोसा हाणला तेव्हा मी त्याला जंतूंबद्दल शिकवत होतो.

सकाळी नऊला तो सर्जापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात घुसला. अर्धा चेहरा सुजलेला, एक डोळा मिटलेला. दुखणं सहन होईना म्हणून भिंतीवर डोकं आपटत होता. मूळचा निपाणीकडचा, आता आनेकलच्या कारखान्यात मशीनवर. त्याच्या त्याच दाढेचं रूट कॅनल दोन वर्षांपूर्वी मीच केलं होतं.

एक्सरेत मुळाशी काळा डाग दिसला. घाबरलो की मला विद्वत्ता सुचते. "हे जंतू भलते चिवट असतात, बसवंत. कितीही धुवा, चुन्यासारखं जहाल औषध भरा, काही जण दातातल्या बारीक नळ्यांत शिरून बसतात. वर्षानुवर्षं उपाशी राहतात, पण मरत नाहीत. खायला मिळालं की पुन्हा वाढतात."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"व्हय. पण आत गेलं कुठनं ते?" त्यानं विचारलं.

"तुम्ही लोक तंबाखू खाता, दात घासत नाही," मी म्हणालो.

"तंबाखूला हात लावत न्हाई मी!" तो ओरडला आणि त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. माझा पुढचा दात तुटून जिभेवर आला. मीही काही संत नाही. हाताला लागला तो स्टीलचा ट्रे उचलून त्याच्या सुजलेल्या गालावरच हाणला. गाल फुटला, पू आणि रक्त माझ्या शर्टावर उडालं. तो गुरासारखा ओरडत खाली पडला. तेवढ्यात बिल्डिंगचे वॉचमन धावत आले आणि त्याला लाथांनी तुडवू लागले. मला थांबवता आलं असतं. मी बघत उभा राहिलो.

पोलीस त्याला घेऊन गेले. मी जयनगरला सुखदाकडे गेलो; कॉलेजची मैत्रीण, तीही दातांचीच डॉक्टर. दाताची नस उघडी पडली होती.

"ओठ किती सुजलाय रे! रबर राहू दे, पटकन रूट कॅनल करते," ती म्हणाली.

काम चालू असलेला दात तेवढा बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा तो रबराचा पडदा. मी तिचं मनगट धरलं. "नाही. लाव. थुंकीतून जंतू आत जातील."

बोललो आणि तिचं मनगट सोडलं. दोन वर्षांपूर्वी बसवंतला त्याच रबराने उमासे आले होते. बाहेर सहा पेशंट खोळंबले होते. मी रबर ओढून फेकलं आणि तसंच उरकलं. हे मी विसरलो नव्हतो. एक्सरे बघतानाही मला आठवत होतं.

तिथून थेट पोलीस स्टेशनवर गेलो. बसवंतविरुद्धची तक्रार लिहून तयार होती. "साइन माडी, सर," सहीची जागा दाखवत हवालदार कानडीत म्हणाला. बसवंत बाकावर बसला होता, गालावर चिंधी धरून.

मी पेन खाली ठेवलं. "सही करत नाही," हवालदाराला म्हणालो आणि बसवंतकडे वळलो. "चूक माझी होती. तुमच्या दाढेत घाण मी जाऊ दिली, आणि वर तुमच्यावरच ढकललं."

त्याने माझ्या तुटक्या दाताकडे पाहिलं.

"आनेकलात काय दातांचे डाक्टर न्हाईत व्हय? हाईत की वो," तो म्हणाला. "तुमी मराठी बोलताय म्हणून मी दोन बसा बदलून येत हुतो."