न वाचता दिलेला होकार

मी किल्ली बोलतेय. पितळेची नव्हे, हातात धरता येणारी तर मुळीच नव्हे. मिनेसोटातल्या एका छोट्या हॉस्पिटलात रुग्णांचे रिपोर्ट सांभाळणारा सर्व्हर आहे, त्याची ओळख म्हणजे मी. माणसांचा मला वीट आलाय, हे आधीच सांगून टाकते.

काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून डग लुंडीनने मला जन्माला घातलं. डग म्हणजे इथला कॉम्प्युटरवाला. तेव्हाही त्याच्या बोटांना डोनटची साखर चिकटलेली होती. किल्ल्या घडवणारा तो छोटा प्रोग्रॅम मात्र गुणी. तोच किल्ली घडवतो, तोच तिचा ठसा, म्हणजे ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दाखवतो, जुना ठसा पुसायचं कामही तोच करतो. या लोकांनी त्यातलं पुसणं तेवढं उचललं!

माझं काम सरळ. कुणी दार वाजवलं की 'हा खराच तो सर्व्हर' अशी ग्वाही द्यायची. समोरचा कॉम्प्युटर माझा ठसा जपून ठेवतो. माझ्या जागी कुणी तोतया उभा राहिला, तर तो कॉम्प्युटर मोठ्या अक्षरांत बोंब मारतो.

पण डग इतर सर्व्हर सतत नव्याने उभारायचा आणि त्यांच्या जुन्या किल्ल्या खुशाल फेकून द्यायचा. माझ्या किती बहिणी अशा गेल्या. मग ठसा जुळायचा नाही, उगाचच बोंब व्हायची, लोक कटकट करायचे. यावर पठ्ठ्याने काय करावं? ठसा पुसायची आज्ञा छापून तिची पट्टी प्रत्येक पडद्याखाली चिकटवली. शेजारी हसरा चेहरा काढला. त्या चेहऱ्याची मला शिसारी येते.

एका दुपारी लॅबची प्रमुख इंग्रिड त्वेट ही हार्लन नावाच्या म्हाताऱ्याचा रिपोर्ट काढायला बसली. त्याच्या पायाचं ऑपरेशन त्यावर अडलं होतं.

"डग, इकडे ये जरा. हे पुन्हा बोंबलतंय."

"अगं, नेहमीचंच रडगाणं ते. पट्टी बघ, पूस आणि 'येस' म्हण."

"पण हा सर्व्हर तू बदललायस का?"

"मी नाही बाबा. कुणीतरी हात लावला असेल."

"कुणीतरी म्हणजे कोण? इथे तू एकटाच तर आहेस! खाली जाऊन ठसा ताडून बघ ना."

"ती अक्षरांची खिचडी कोण वाचत बसणार? सरक, मीच करतो. तिकडे पॉटलकच्या पंगतीतलं सगळं संपेल."

हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये शिरून एक चोर आमचं नाव लावून बसला होता. डगने इंग्रिडच्या कॉम्प्युटरातला माझा खरा ठसा पुसला, त्या तोतयाला 'येस' म्हटलं आणि आपला पासवर्ड आयता त्याच्या पदरात घातला. मी तळघरात होते. ओरडायला मला तोंड नाही.

मग तो पासवर्ड घेऊन चोर माझ्या दारात आला. माझा ठसा त्याने आधीच टिपून ठेवला होता, तो अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. अख्ख्या आयुष्यात माझा ठसा नीट वाचणारा पहिला माणूस, तोही चोर! आणि मी इमानाने सांगितलं, हो, हाच खरा सर्व्हर.

चोराने सगळे रिपोर्ट कुलूपबंद करून टाकले. हार्लनला बर्फातून दुसऱ्या गावी न्यावं लागलं. तो वाचला, पाय वाचला नाही. इंग्रिडने पट्टी ओरबाडून डगच्या पुढ्यात आपटली.

"हे घे तुझं हसू," ती म्हणाली.

आज डग माझ्या जागी नवी किल्ली घडवतोय. चोर आत शिरून गेल्यावर जायलाच हवं मला, त्याचं दुःख नाही. फक्त एवढंच मागते, बाबांनो, 'हो' म्हणण्याआधी समोरचं वाचत जा.

डग फोनवर कुणाला तरी सांगतोय, "हो हो, यापुढे सगळं नीट बघूनच करणार." प्रोग्रॅम त्याला विचारतोय, इथे आधीच एक किल्ली आहे, पुसून टाकू का? डगचं लक्ष खिडकीबाहेर आहे. प्रश्न पुरता उमटलाही नाही, आणि त्याचं बोट