एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा

"जवळ या. अजून जवळ. अरे, मधून हत्ती जाईल एवढी जागा सोडलीय तुम्ही!"

एक पाय पायरीवर, एक खाली, अशा मेट्रनबाई मोबाईल डोळ्यांसमोर धरून उभ्या होत्या. जुन्या शहराच्या वेशीखाली त्यांची लेक आणि होणारा जावई एकेक पाऊल सरकले. खांद्याला खांदा लागला, तसे दोघंही एकदम "सॉरी" म्हणाले आणि पुन्हा होते तिथे गेले.

"राहू द्या हो," मागून मुलाची आई म्हणाली. "फ्रेम जरा रुंद घेऊ."

फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान त्या एकट्या तीस वर्षं चालवत होत्या. बोटांवर काचेचे बारीक पांढरे व्रण होते आणि पर्समध्ये मापाची पट्टी कायम. मेट्रनबाईंनी त्यांना पहिल्या भेटीपासून 'विहीणबाई' म्हणायला सुरुवात केली होती. लग्न व्हायचं होतं, पण ते होणार यात मेट्रनबाईंना तिळमात्र शंका नव्हती.

शंका घेण्याची त्यांना सवयच नव्हती. सव्वीस वर्षं त्या प्रसूती विभागात होत्या. कळा देणाऱ्या बाईच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणायच्या, "घाबरायचं नाही. सगळं व्यवस्थित होणार." आणि बहुतेक वेळा व्हायचंच. हा मुलगाही त्यांनी तिथेच हेरला होता. वॉर्डातल्या जुन्या नर्सेसचा फोटो लावायला तो आईच्या दुकानातून आला होता. सरळ आहे का बघायला पाणसळ लावून, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन त्यानं ती फ्रेम इतक्या निगुतीनं लावली की खिळा ठोकून व्हायच्या आत मेट्रनबाईंनी त्याचं वय, नोकरी आणि लग्नाचा विचार, तिन्ही विचारून घेतलं. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. लेक तलावावर पोहायला शिकवायची. दोघं चार वेळा भेटले आणि "ठीक आहे" म्हणाले. मेट्रनबाईंना तेवढं पुरे होतं.

सहलही त्यांचीच कल्पना. एक दिवस जुन्या शहरात, तो त्याच्या आवडीचा. दुसरा खाडीतल्या खारफुटीच्या रानात, तो तिच्या आवडीचा. "संसार म्हणजे दुसरं काय असतं?" असं त्या म्हणाल्या होत्या.

पहिला दिवस मुलाचा होता, आणि तो नुसता फुलला होता. तटाचा कुठला भाग आधीचा, कुठला मागाहून बांधला, जुन्या गल्ल्या मुद्दाम वाकड्या का ठेवल्या, सगळं तो हात हलवत सांगत होता. लेक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. दुपारी संग्रहालयात मेट्रनबाई तिला शोधायला मागे आल्या, तेव्हा ती बूट काढून खिडकीत बसली होती आणि तटापलीकडच्या पाण्याच्या रेघेकडे बघत होती.

"पाय दुखतात?"

"नाही गं. छान आहे सगळं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

विश्रामगृहात तीन खोल्या घेतल्या होत्या. मुलांना एकेक, आयांना मिळून एक. संध्याकाळी या खोलीत खिडकीवरून पहिली चकमक झडली. मेट्रनबाईंना ती सताड उघडी हवी होती, फ्रेमवाल्या बाईंना घट्ट बंद. शेवटी फ्रेमवाल्या बाईंनी पट्टी काढली, चार बोटांची फट मोजली आणि तिथे कागदाची घडी अडकवून दिली.

"मान्य?"

"मान्य," मेट्रनबाई म्हणाल्या. इतक्या लवकर आपण कुणाचं ऐकलं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर दोन अरुंद होड्या तयार होत्या. एक होडीवालीची, दुसरी तिच्या नवऱ्याची. मुलं नवऱ्याच्या होडीत बसली, आया होडीवालीच्या. लेकीनं बसता बसता पाण्यात हात बुडवला. मुलगा होडीचे दोन्ही काठ मुठीत आवळून बसला होता, बोटं पांढरी पडली होती. त्यांची होडी पुढे निघून गेली.

आत गेल्यावर झाडं दोन्ही बाजूंनी पाण्यावर झुकली. मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आली होती आणि त्यांच्या मधून लाल नांगीचे खेकडे तिरके पळत होते. एका लहान फाट्याच्या तोंडाशी निळाभोर खंड्या बसला होता. तो उडून आत गेला.

"चला, त्याच्या मागे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"पाणी उतरतंय बाई," होडीवाली म्हणाली. "या फाट्यात आता नको."

"पाचच मिनिटं. काही होत नाही."

होडीवालीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वल्हं फिरवलं. मेट्रनबाईंच्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर मुकाट्यानं हातमोजे घालायचे, तिथे तिचं काय चालणार. पाच मिनिटांत खंड्या दिसला, छान दिसला. परत फिरायला गेल्या तर होडीचं बूड चिखलात रुतलं होतं. होडीवालीनं वल्हं टेकवून दोनदा जोर लावला. होडी तसूभरही हलेना.

"आता?"

"आता भरती येईतो बसायचं. तीन तास तरी." तिनं तोंडाशी हात धरून लांब हाळी दिली. पलीकडून तशीच हाळी आली. "त्याला कळलं. तो तुमच्या पोरांना पलीकडच्या पक्षी बघायच्या मचाणावर घेऊन बसेल." एवढं बोलून तिनं टोपी तोंडावर ओढली आणि मागच्या फळीवर आडवी झाली.

मोबाईलला रेंज नव्हती. मेट्रनबाईंनी तो चारी दिशांना फिरवून पाहिला, मग पर्समध्ये टाकला. फ्रेमवाल्या बाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला.

"चूक माझी झाली," मेट्रनबाई म्हणाल्या.

"झाली खरी," फ्रेमवाल्या बाई म्हणाल्या आणि पुडा पुढे केला.

पाणी सरकत गेलं. चिखल उघडा पडला आणि त्यावर बोटाएवढे मासे टुणटुण उड्या मारू लागले. दोघी बराच वेळ ते बघत बसल्या. मग बोलणं निघालं. फ्रेमवाल्या बाईंनी सांगितलं, लोक फोटो फ्रेम करायला टाकतात आणि न्यायलाच येत नाहीत. दुकानाच्या माळ्यावर अशी चाळीस-पन्नास अनोळखी माणसं भिंतीला टेकून उभी आहेत. मेट्रनबाईंनी सांगितलं, एका रात्रीत अकरा बाळंतपणं केली होती आणि सकाळी झोपेच्या गुंगीत चहाच्या कपात हात धुतले होते. त्यावर दोघी इतक्या हसल्या की होडी कलली आणि होडीवालीनं टोपीखालून "जपून" म्हटलं.

हसू ओसरतं न ओसरतं तोच झाडांपलीकडून दुसरं हसू ऐकू आलं. आधी लेकीचं, मग मुलाचं. दोघं खो खो हसत होते, थांबत होते आणि पुन्हा सुरू होत होते.

मेट्रनबाईंनी फ्रेमवाल्या बाईंचा गुडघा धरला. "ऐका! जुळलं. मी म्हणत होते ना, दोघांना जरा एकटं सोडायला हवं!"

फ्रेमवाल्या बाई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. काच कापताना कापल्याचा आवाज ऐकतात, तशा.

"माझा मुलगा असा हसला ना," त्या हळूच म्हणाल्या, "की समजायचं, परीक्षा संपली."

"संपली, की पास झाला?"

"संपली."

मेट्रनबाईंनी हात मागे घेतला. पलीकडे पुन्हा हसू आलं. खरंच मोकळं होतं ते. गेल्या सहा महिन्यांत लेक घरात अशी हसल्याचं त्यांना आठवेना.

"तुम्हाला आधीपासून वाटत होतं?"

"पहिल्या भेटीपासून. दोघं एकमेकांशी इतके चांगले वागत होते. पाहुण्याशी वागतात तसे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे?" फ्रेमवाल्या बाई हसल्या, पण त्यात टोमणा नव्हता. "तुम्ही नुसतं 'सगळं व्यवस्थित होणार' म्हणालात आणि माझा दुखरा गुडघासुद्धा बरा वाटायला लागला. मी एवढी मोठी बाई. तुमची पोर तर लहानपणापासून ऐकतेय."

मेट्रनबाई उत्तर द्यायला वळल्या, मग पुन्हा खाली वाकल्या. त्यांनी धक्क्यावर बुटाला लागलेला, आता वाळलेला चिखल नखानं काढायला घेतला. एक बूट झाला, मग दुसरा.

"पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय," त्या बुटाकडे बघतच म्हणाल्या. "त्यानंतर सकाळी उठून कुणाला सांगू, घाबरू नकोस म्हणून? वाटलं, लग्न असेल, मग बाळ असेल..." त्या थांबल्या. "विहीण..." म्हणाल्या आणि तिथेही थांबल्या.

"असू दे," फ्रेमवाल्या बाई म्हणाल्या. "उरलेलं बिस्कीट घ्या."

पाणी परत आलं ते आवाज न करता. आधी चिखल ओला झाला, मग मुळं बुडाली, मग होडी एकदा डुलली. होडीवाली उठून बसली आणि जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात वल्हवू लागली.

मचाणाच्या पायरीवर लेक गुडघ्यापर्यंत चिखलात माखून बसली होती. आई दिसताच ती उभी राहिली आणि चेहऱ्यावरचं हसू तिनं आवरलं. मेट्रनबाईंना ते दिसलं. मुलगा दोन पायऱ्या वर उभा होता. त्याची पँट कोरडी होती, पण बूट मात्र त्यानं हातात धरले होते.

"आई, मला तुला एक सांगायचंय. ओरडू नकोस."

मेट्रनबाईंना सगळं ठाऊक होतं. वाक्य तोडून "कळलं गं" म्हणणं त्यांना अगदी सोपं होतं. तसा हातही अर्धा वर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि पायरीच्या कठड्यावर ठेवला.

"सांग."

लेकीनं सांगितलं. अडखळत, मधूनच मुलाकडे बघत. लग्न करायचं नाही. भांडण नाही, काही नाही. तो चांगलाच आहे. पण काल त्या शहरात तिचा जीव घुसमटला आणि आज होडीत त्याचा. दोघंही घरच्यांसाठी हो म्हणाले होते, आणि हे एकमेकांना कळल्यावर हसू आवरेना. "तू इतक्या खात्रीनं बोलतेस ना आई," ती शेवटी म्हणाली, "की मला काही वेगळं वाटतंय, हेच मी विसरून जाते."

मेट्रनबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही मान हलवली नाही.

"चिडलीस?"

"कानाला चिखल लागलाय तुझ्या," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि रुमालाचं टोक पाण्यात बुडवून लेकीचा कान पुसायला लागल्या. पुसून झाल्यावरही थोडा वेळ पुसतच राहिल्या. लेकीनं कपाळ त्यांच्या खांद्याला टेकवलं.

मुलगा खाली आला. "मावशी, मला खरंच..."

"तू लग्न कुणाशीही कर," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण आधी पोहायला शीक. हिच्याचकडे शीक. ती चांगली शिकवते."

"फी घेईन," लेक म्हणाली.

"घ्यायचीच," मुलाची आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सगळे परतणार होते. मुलांना कामावर हजर व्हायचं होतं. स्टँडवर बस लागली, मुलं चढली. मेट्रनबाईंनी पाय पायरीवर ठेवला, तोच मागून फ्रेमवाल्या बाई म्हणाल्या, "तटावरचा मनोरा राहिलाच बघायचा. जिन्याला घाबरून परवा मी खालीच बसले होते."

मेट्रनबाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

"आई? चढ ना!" खिडकीतून लेक ओरडली.

"तुम्ही व्हा पुढे. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं येतो."

बस वळली. शेजारच्या सीटवरून मुलगा लेकीला काहीतरी दाखवत होता आणि ती आपल्याला काडीचाही रस नाही, असं त्याला हसून सांगत होती.

मनोऱ्याच्या दाराशी रखवालदार स्टुलावर बसला होता. जिना अरुंद आणि उभा होता, म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या वहीत नोंद करावी लागे. फ्रेमवाल्या बाईंनी दोघींची नावं लिहिली, वयं लिहिली. एकीचं खरं, एकीचं थोडं कमी करून.

"सोबतच्या माणसाशी नातंही लिहा," रखवालदार म्हणाला. "या तुमच्या कोण लागतात?"

फ्रेमवाल्या बाईंनी पेन तसंच धरून मेट्रनबाईंकडे पाहिलं. मेट्रनबाईंच्या ओठांवर 'विहीण' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग त्यांना हसू आलं.

"अजून ठरायचंय," त्या म्हणाल्या.

"मग रकाना मोकळा सोडा," रखवालदार म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

दोघी चढू लागल्या. पुढे फ्रेमवाल्या बाई, आणि त्यांचा पाय घसरलाच तर सावरायला मागे मेट्रनबाई.