मास्तरांची पॅन्ट मी तीनदा आवळली

मित्रांनो, पायाने चालणारी जुनी शिलाई मशीन तुम्ही पाहिली असेल. मी त्यांतलीच एक. माझा काळा रंग कडेकडेने उडाला आहे आणि वेळेवर तेल मिळाले नाही तर मी चारचौघांत कुरकुरते. पण आज कुरकुर नाही. ज्यांच्या पायांनी मी चालते त्या मास्तरांची हकिकत सांगणार आहे, कारण त्यांना वगळले तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

कारखान्यातून मला दोघा भावांनी मिळून आणले. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच रस्त्याकडची खोली. थोरल्याला सगळे दादा म्हणत, धाकट्याला मास्तर. दादा कापड बेतायचे, मास्तर शिवायचे. मास्तरांची टीप इतकी सरळ, की गिऱ्हाईक कपडा उलटा करून आतली शिवण बघत राही. ते कौतुक ऐकून मला वाटे, यातले निम्मे माझेच.

मग दादा एका आजारात गेले. मास्तर रडले नाहीत. आठवड्याने त्यांनी दुकान उघडले, राहिलेले चार कोट पुरे केले आणि लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मलाही तसेच वाटले. पण हळूहळू त्यांचे पाय माझ्या पायडलवर नुसतेच टेकून राहू लागले. दुपारची झोप सकाळपर्यंत लांबली. भूक नसतानाही ते खात. बिस्किटांचा पुडा कधी फोडला आणि कधी संपला याचा त्यांना पत्ता नसे. दोन वर्षांत त्यांचे वजन एकशे एकतीस किलोंवर गेले. स्टूल आणि मी यांच्यामध्ये त्यांना बसता येईना. एके दिवशी मास्तरीणबाईंनी माझ्यावर चादर टाकली. चादरीवर रद्दी आली, रद्दीवर सुटकेस. येणारे-जाणारे म्हणत, आळस भरलाय, दुसरे काय.

मित्रांनो, मीही तेच म्हणत होते. याची मला अजून लाज वाटते.

त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. घरात तिला चिमणी म्हणत. एका दुपारी तिच्या दप्तराचा बंद तुटला. आई कामावर, बाबा आतल्या खोलीत झोपलेले. तिने सुटकेस उतरवली, चादर काढली आणि स्वतःच शिवायला बसली. दप्तराचे कापड जाड, सुई अडली. तिने बोटाने कापड पुढे रेटले आणि त्याच क्षणी पायडल दाबले गेले. सुई तिच्या नखातून आरपार गेली. ती सुई माझी होती.

तिने एकदाच हाक मारली, “बाबा!”

आतल्या खोलीपासून माझ्यापर्यंत बारा पावले आहेत. मी पलंगाची करकर ऐकली. मग तो पुन्हा करकरला, म्हणजे ते उठता उठता परत बसले होते. दुसऱ्यांदा ते भिंतीचा आधार घेत आले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. तोवर चिमणीचे रडणे थांबले होते. मोकळ्या हाताने तिने माझे चाक घट्ट धरून ठेवले होते, सुई आणखी हलू नये म्हणून. मास्तरांनी चाक अगदी हळू मागे फिरवले आणि सुई वर घेतली. चिमणीने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तुमची झोपमोड झाली ना, बाबा?”

मास्तर तिथेच जमिनीवर बसले आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. बोटाची पट्टी पाहून काही विचारणार, तोच मास्तर म्हणाले, “मला बरं नाहीये गं. अंगाने नाही. आतलं काहीतरी बंद पडलंय. मला डॉक्टरांकडे ने.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, हे नैराश्य आहे. आजार आहे, आळस नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला बोलावले. वजनाचे विचारले तर म्हणाल्या, ते नंतर बघू, सध्या सकाळी उठून दार उघडायचे एवढेच काम करा.

दार उघडायला लागले म्हणून पोस्टमनकाकांना ते उघडे दिसले. हे निवृत्त पोस्टमन, दोन वर्षांपासून अर्धवट शिवून पडलेल्या आपल्या कोटाची चौकशी करायला आले होते. मास्तरांना पाहून त्यांनी कोटाचा विषयच काढला नाही. म्हणाले, उभा जन्म चालण्यात गेला, आता पाय घरात बसू देत नाहीत, सकाळी सोबतीला याल का?

पहिल्या दिवशी दोघे कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेले. मास्तर घामाघूम होऊन परतले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. काका पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत राहिले आणि जाताना आत ओरडून गेले, “उद्या येतो हो.” असे सलग अकरा दिवस चालले. काकांनी ना उपदेश केला, ना हाताला धरून ओढले. बाराव्या दिवशी मास्तर चपला घालून त्यांच्याआधीच पायरीवर बसले होते.

खांबाच्या पुढे चौक आला, चौकाच्या पुढे बाग. घरात तिघे एकत्र जेवू लागले आणि बिस्किटांचे पुडे पलंगाजवळून स्वयंपाकघरात गेले. तीन महिन्यांत चार किलो उतरले. कोणाच्या लक्षातही आले नाही, पण त्याच सुमारास मास्तरांनी माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडले. पहिले काम दप्तराच्या बंदाचे. चिमणी शेजारी उभी राहून बघत होती, हात मात्र पाठीमागे.

पुढे त्यांची पॅन्ट घसरू लागली, तेव्हा ती मी पहिल्यांदा आवळली. मागची शिवण उसवायची, आत घ्यायची, पुन्हा टीप. काही महिन्यांनी दुसऱ्यांदा. आता सगळे नीट झाले असे मास्तरांना वाटले आणि त्यांनी कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात ते पुन्हा पलंगावर. सहा किलो परत आले. मी चादरीची वाट पाहत होते. पण मास्तरीणबाईंनी माझ्यावर साधा रुमालही ठेवला नाही. रोज सकाळी मला पुसून त्या कामावर जात. पोस्टमनकाका पायरीवर. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, पुन्हा सुरू करू. पुन्हा सुरू झाले.

तिसऱ्यांदा आवळली तेव्हा पॅन्टचे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकायला आले. मास्तरीणबाई म्हणाल्या, “आता आणखी बारीक झालात तर एकच खिसा उरेल.” मास्तर हसले. त्या हसण्याने माझा पट्टासुद्धा थरथरला. अडीच वर्षांनी वजन शहाऐंशीवर आले. तेव्हा त्यांनी स्वतःसाठी नवे कापड घेतले आणि टेप चिमणीच्या हातात दिली. इतकी वर्षे ज्यांनी कोणाला आपले माप घेऊ दिले नव्हते, ते हात वर करून निमूट उभे राहिले. चिमणीने आकडा मोठ्याने वाचला.

आजही मास्तर गोळी घेतात. आजही एखादा दिवस जड जातो. त्या दिवशी ते दोरा न ओवताच थोडा वेळ मला चालवतात आणि मग पायरीवर जाऊन बसतात. काकांचा अर्धवट राहिलेला कोट त्यांनी केव्हाच पुरा केला. काका तो थंडी नसतानाही घालतात.

परवा एक शिक्षिका आल्या. सगळे कपडे सैल करून हवे होते. त्या मान वर करीत नव्हत्या. मास्तरांनी माप घेताना आकडे तोंडाने उच्चारले नाहीत, नुसते लिहिले. मग स्टूल पुढे करून विचारले, “बाकी कसं चाललंय, ताई?” ताई बराच वेळ बसल्या. त्या काय बोलल्या ते मी सांगणार नाही. निघताना त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून घेतला.

मित्रांनो, शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. ती वरून दिसत नाही, पण ती असेल तरच कपडा पुन्हा उसवून अंगासारखा करता येतो. तुमच्या घरात कोणी दिवसचे दिवस पलंगावर पडून असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या आणि रोज पायरीवर जाऊन बसा. अकरा दिवस लागतील, जास्तही लागतील. माझ्या मास्तरांसाठी कोणीतरी बसले होते, म्हणून मी आज चालते आहे.