तीन आठवडे

घड्याळं दुरुस्त करायचे चिमटे माशांच्या जखमांना लावणारा नवरा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, असं घड्याळजीच्या बायकोचं मत होतं. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी माशांसाठी वाटलेल्या काळजाचा डबा. घरभर शेवाळाचा ओला वास, उशीच्या अभ्र्यालासुद्धा.

त्याचे सिक्लिड जातीचे मासे एकजात भांडकुदळ. नर तळहाताहून मोठा, कपाळावर टेंगूळ. टाकीच्या मधोमध काच घालायची, पलीकडे मादी ठेवायची आणि ती अंड्यावर आल्याशिवाय काच काढायची नाही, हा घड्याळजीचाच नियम. पण त्याला पिल्लांची घाई झाली. गुरुवारी सकाळी त्याने काच उचलली. बायकोचा चहा गाळून होईस्तोवर मादीचा एक डोळा गेला होता.

"तिचंही चुकलंच," तो म्हणाला. "कुंडी ठेवली होती की लपायला."

पण मग हळहळला. मादीला वेगळ्या टबात घेतलं, मीठ टाकलं, वर टॉवेल पांघरला. जेवायलाही उठेना. "आता तीन आठवडे नर तिच्या नजरेलासुद्धा पडता कामा नये. जखमेने नाही मरत, धसक्याने मरते."

आतल्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. सोमवारी सासरहून आली तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. बापाने कान बघितलाही नव्हता. "भांड्याला भांडं लागायचंच," एवढंच म्हणाला होता. आता टबावर वाकूनच त्याने आवाज दिला, "रविवारी जावई येतायत न्यायला. बॅग भरून ठेव गं!"

सत्तावीस वर्षं या माणसाचं उष्टं काढलं, याची बायकोला शिसारी आली.

रविवारी बेल वाजली. घड्याळजी टबात हात घालून बसला होता. बायको उठली, दाराची वरची कडी लावली, खालचीही लावली, आणि स्टूल ओढून दाराशी बसली.

"अगं, जावई आलेत. उघड ना!"

"पोरीला येऊन सहाच दिवस झालेत," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, तीन आठवडे?"

बेल पुन्हा वाजली. ती हलली नाही.